जुन्या शिडाच्या बोटीत पुन्हा पुन्हा पाणी साचतंय: गळती शोधायची कशी

केबिनमधली फळी उचलायची, खाली पाणी दिसायचं, ते उपसायचं, फडक्याने पुसायचं, आणि पुढच्या आठवड्यात परत तेवढंच पाणी. जुनी फायबरची शिडाची बोट घेतली की पहिल्या हंगामात बहुतेकांचं हेच चालू असतं. स्वतःच्या दोन बोटींवर आणि मित्रांच्या बऱ्याच बोटींवर मी हा शोध घेतलाय. प्रत्येक वेळी एक गोष्ट तीच निघाली: पाणी जिथे दिसतं तिथून ते आत शिरलेलं नसतं. बिल्ज ही बोटीतली सगळ्यात खोल जागा. कुठूनही शिरलेलं पाणी ओघळत शेवटी तिथेच येणार. त्यामुळे बिल्ज ओला दिसला की थेट कीलच्या (तळाखालच्या जड कण्याच्या) बोल्टांवर पाना चढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

फायबरचं कवच स्वतःहून सहसा गळत नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात आलेल्या ट्रायटनसारख्या सुरुवातीच्या फायबर बोटींपैकी कित्येक अजून पाण्यावर आहेत. गळतात ती त्या कवचाला माणसाने पाडलेली भोकं. पंखा फिरवणाऱ्या शाफ्टसाठी, संडासाच्या नळीसाठी, डेकवरच्या प्रत्येक बोल्टसाठी एक एक भोक, आणि प्रत्येकात तीस-चाळीस वर्षांपूर्वी भरलेलं सीलंट.

लक्षणं

पाना हातात घेण्याआधी दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. पाणी कधी वाढतं यावरच अर्धं निदान होतं.

- बोट बांधून उभी आहे, पाऊस नाही, तरी पाणी वाढतं: पाण्याच्या रेषेखालचं काहीतरी, किंवा बोटीतली गोड्या पाण्याची टाकी.
- पावसानंतरच वाढतं: डेक, खिडक्या, हॅच (डेकवरचं झाकण) किंवा डोलकाठी.
- इंजिन चालवल्यावर वाढतं: शाफ्टची ग्लँड (शाफ्ट बाहेर जातो तिथला पाणी अडवणारा सांधा), इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप, एक्झॉस्टची नळी.
- वाऱ्यावर बोट कलल्यावर वाढतं, तेही एकाच बाजूला: डेक आणि कवचाचा सांधा, किंवा जिच्यातून पाणी उलटं आत येतं अशी एखादी नळी.
- कोणी नळ उघडलेला नसताना पाण्याचा पंप मधूनच दोन सेकंद घुरघुरतो: गोड्या पाण्याच्या पाइपलाइनमध्ये गळती.
- बिल्ज पंप बंद झाला की मिनिटाभरात परत सुरू होतो: नळीत उरलेलं पाणी मागे येतंय. ही गळती नव्हे.

पहिलं काम: सगळं कोरडं करा

यात खर्च काहीच नाही, तरी हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. धक्क्यावरून घेतलेल्या विजेची केबल आधी काढा. ओल्या बिल्जमध्ये हात घालायचा असेल तर त्यात सूट नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, सगळं उघडून हवा खेळू द्या.

मग पाणी उपसा, गोड्या पाण्याने बिल्ज दोनदा धुवा आणि स्पंजने टिपून घ्या. धुवायचं कारण पुढच्या तपासणीत आहे. जुन्या बिल्जमध्ये वर्षानुवर्षांचं मीठ बसलेलं असतं, त्यात पडलेलं पावसाचं पाणीही खारट होतं आणि तुम्हाला चुकीच्या दिशेला पाठवतं. तळाच्या आडव्या फासळ्यांमधून पाणी वाहून जाण्यासाठी छोटी भोकं असतात, तीही तारेने मोकळी करा. ती तुंबली की एका कप्प्यात आठवडाभर पाणी अडून राहतं आणि तुम्ही सगळं शोधून दमलात की हळूच खाली उतरतं.

कोरडं झालं की प्रत्येक संशयित जागेखाली टिश्यू पेपर ठेवा. तळाच्या बाजूंवर टाल्कम पावडरची हलकी बुकणी मारा. पाणी ओघळलं की पावडरीत वाट उमटते आणि तीच वाट धरून वर जाता येतं.

पाणी खारं की गोडं

चव घेऊन बघा असं बरेच जण सांगतात. मी सांगणार नाही. बिल्जच्या पाण्यात डिझेल असतं, संडासाचं पाणी असू शकतं, आणि इंजिनचं कूलंट असेल तर ते गोडसर लागतं पण विषारी असतं. चमचाभर पाणी काळ्या ताटलीत उन्हात वाळवा. पांढरे कण राहिले तर पाणी समुद्राचं. टीडीएस मीटर असेल तर अजून सोपं: समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे साधा मीटर सरळ हात टेकतो. पिण्याच्या पाण्याचा आकडा मात्र सहसा काही शेकड्यांत येतो.

बोट तळ्यात किंवा नदीत असेल तर या परीक्षेचा उपयोग नाही. तिथे पाण्याच्या टाकीत खायचा रंग घाला. बिल्जमध्ये रंग आला की चोर घरातलाच.

गोडं पाणी निघालं आणि पाऊस झालेला नसेल तर क्रमाने बघा: टाकीच्या नळीचे सांधे, गरम पाण्याच्या टाकीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह, आणि बर्फाच्या पेटीचा निचरा. ही शेवटची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. तीन शनिवार मी शाफ्टची ग्लँड आवळत होतो. शेवटी कळलं की दर शुक्रवारी बर्फ भरला जायचा, शनिवारी तो वितळून नळीने थेट बिल्जमध्ये उतरायचा, आणि मी त्याच्याच डबक्यात गुडघे टेकून ग्लँडला शिव्या देत होतो.

नळ्या आणि क्लिपा

पाणी खारं असेल तर टॉर्च, कोरडं फडकं आणि पेचकस घ्या. पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांवरून फडकं फिरवा. नळी वाकवून बघा, बारीक भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. क्लिपेची वरची बाजू चकचकीत असली तरी फसू नका. स्टेनलेस स्टील गंजतं ते हवा न पोचणाऱ्या जागी, म्हणजे स्क्रूच्या घराखाली. पेचकसाने हलका ताण दिला आणि क्लिप तुटली तर वाईट वाटून घेऊ नका, ती समुद्रात तुटणारच होती. तोटी पुरेशी लांब असेल तर प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावा, स्क्रू समोरासमोरच्या बाजूंना.

पुसत पुसत गेलात तर बऱ्याच गळत्या इथेच सापडतात. वेगमापकाचं चाक बसवलेलं भोकही याच फेरीत बघा. त्याची रबरी रिंग वाळते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

शाफ्टची ग्लँड

जुन्या बोटीत शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे ग्लँड असते आणि तिच्यात डोरी भरलेली असते. ही ग्लँड थेंब थेंब गळण्यासाठीच बनवलेली आहे, कारण तेच पाणी शाफ्टला थंड ठेवतं. साध्या डोरीची ग्लँड चालू शाफ्टवर मिनिटाला दोन-तीन थेंब टाकत असेल तर ती तब्येतीत आहे. शाफ्ट थांबला की थेंब थांबायला हवेत, निदान जवळजवळ थांबायला हवेत.

आता हिशोब बघा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. उभ्या बोटीत सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे सव्वाचार लिटर, आठवड्याचे तीस. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण शाळेत बचतीसाठी शिकवतात, पण ग्लँडइतका तिचा पडताळा मला दुसरीकडे आलेला नाही.

आवळायची पद्धत: चेकनट (मोठा नट हलू न देणारा दुसरा नट) ढिला करा, मोठा नट आठवा हिस्सा फिरवा, चेकनट परत आवळा. बोट घट्ट बांधून गिअर टाकून दहा मिनिटं चालवा. या वेळी बाही आणि केस शाफ्टपासून लांब. मग इंजिन बंद करून ग्लँडला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर जास्त आवळली, लगेच ढिली करा. कोरडी ठेवण्याच्या नादात गरम चालवलेली ग्लँड शाफ्टला खाच पाडते, आणि खाच पडलेल्या शाफ्टवर कुठलीही नवी डोरी टिकत नाही.

आवळूनही थेंब कमी होत नसतील तर डोरी संपली. जुन्या वेढ्यांवर नवा वेढा ठोकून बसवू नका, सगळे जुने वेढे हुकाने ओढून काढा. नवी डोरी शाफ्टच्या जाडीवर गुंडाळून सुटे वेढे कापा आणि सांधे एकाखाली एक येऊ न देता बसवा. हे काम पाण्यात उभ्या बोटीवर करणारे लोक आहेत. पहिल्यांदा करत असाल तर बोट बाहेर काढलेली असतानाच करा. ग्लँडला धरून ठेवणारी जाड रबरी नळीही तेव्हाच तपासा, कारण ती फाटली तर थेंब नाही, धार येते.

ग्लँडच्या जागी रबरी भाता असलेलं सील असेल तर ते अजिबात गळता कामा नये, आणि भाता बनवणाऱ्याने सांगितलेल्या वर्षांनी बदलायचाच. सेलड्राइव्ह, म्हणजे तळातून सरळ खाली उतरणारा पंख्याचा पाय, असेल तर तळातल्या मोठ्या रबरी पडद्याचं वय विचारा. व्होल्वो पेंटा तो सात वर्षांनी बदलायला सांगते. विकणाऱ्याला वर्ष आठवत नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

इंजिनजवळ असताना ते थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाखाली हाताचं बोट फिरवा. दोन सीलांच्या मध्ये मुद्दाम ठेवलेलं छोटं भोक असतं. तिथून पाणी ठिबकत असेल तर सील गेलं आहे. ते भोक बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. मग तेच पाणी इंजिनच्या ऑइलमध्ये शिरतं.

उलट फिरणारं पाणी

एका मित्राच्या बोटीत पाणी भरायचं ते फक्त वारा डावीकडून असताना. त्याने उजव्या बाजूचा डेकचा अख्खा सांधा उकरून परत भरला, त्यात महिना गेला. पुढच्या फेरीत परत फळ्यांपर्यंत पाणी. आम्ही दोघं आत बसलो, बोट कलली, आणि बिल्ज पंपाच्या नळीतून खळखळ ऐकू आली. पंपाचं बाहेरचं तोंड उजव्या बाजूला पाण्यापासून वीतभर वर होतं. बोट त्या बाजूला कलली की तोंड पाण्याखाली जायचं. पंप एकदा चालून थांबला की भरलेली नळी सायफनसारखी समुद्रच आत ओढायची. म्हणजे पाणी काढणारा पंपच पाणी भरत होता.

उपाय एकच: नळीला बोटीच्या मध्यरेषेजवळ, बोट पूर्ण कलली तरी पाण्याच्या वर राहील इतका उंच वळसा द्या आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह बसवा. नळीत एकदिशा व्हॉल्व्ह घालून भागवू नका, त्यात केस आणि कचरा अडकतो आणि तो उघडाच राहतो. संडासाच्या आणि एक्झॉस्टच्या नळीलाही हाच नियम. हवेच्या व्हॉल्व्हमध्ये मीठ साचून तो चिकटतो, तो कोमट गोड्या पाण्यात धुतला की बहुधा परत चालतो.

वरून येणारं पाणी

इथे दोन माणसं लागतात आणि संयम चौघांचा. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. सगळ्यात खालच्या फिटिंगपासून सुरुवात करा, प्रत्येकावर दहा मिनिटं हळू पाणी सोडा, मग वरच्या फिटिंगवर जा. वरून सुरुवात केलीत तर पाणी खालच्या सगळ्यांवरून वाहतं आणि काहीच कळत नाही. यापेक्षा हुशार युक्ती म्हणजे हॅचमधून पानं उडवायच्या ब्लोअरने केबिनमध्ये हवा भरा, बाकीची दारं-झरोके टेपने बंद करा आणि बाहेरून साबणाचं पाणी शिंपडा. जिथे बुडबुडे, तिथे भोक.

डोलकाठी डेकमधून खाली कीलपर्यंत जात असेल तर तिच्याभोवतीचा रबरी पट्टा सुधारण्याआधी डेकच्या लगेच खाली काठीला टिश्यूची कॉलर बांधा. पावसानंतर कॉलर कोरडी आणि काठीचा पाया ओला असेल तर पाणी काठीच्या पोटातून येतंय. दोऱ्या जिथून बाहेर येतात त्या फटींतून पाऊस आत शिरणारच, तो थांबवता येत नाही. पायाशी निचऱ्याचं भोक मोकळं ठेवायचं आणि ते पाणी मान्य करायचं.

डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या चेनप्लेट डेकमधून जातात तिथली गळती मात्र मान्य करायची नाही. पाणी कपभरच येतं, पण ते डेकच्या दोन थरांमधल्या लाकडात मुरतं आणि ते कुजवतं. शिवाय डेकच्या आत दडलेल्या जागी, हवेशिवाय ओलं राहून, चेनप्लेटचं स्टील आतल्या आत खंगतं. चेनप्लेट तुटली तर डोलकाठी जाते. प्लास्टिकच्या हातोडीने आजूबाजूचा डेक ठोकून बघा. टणक आवाज चांगला, बद्द आवाज वाईट.

फिटिंग परत बसवताना सिलिकॉन वापरू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर पुढे काहीच नीट चिकटत नाही. डेकवरच्या सामानाला ब्यूटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड बरं. भोकाच्या कडेचं लाकूड ओलं नसेल तर भोक मोठं पाडून, घट्ट इपॉक्सी भरून, त्यातून नवं भोक पाडणं सर्वांत टिकाऊ. त्यानंतर सीलंट गेलं तरी लाकडापर्यंत पाणी पोचत नाही.

सी-कॉक

पाण्याखालच्या प्रत्येक भोकावर झडप असते. ती पूर्ण उघडते-मिटते का, हे हाताने बघा. हात अडला तर जोर लावू नका. पाण्यात उभ्या बोटीवर गंजलेल्या सी-कॉकला पाइपपाना लावणं हा मूर्खपणा आहे. ६० सेंटिमीटर खोलीवर ३८ मिलिमीटरचं भोक मोकळं झालं तर मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर पाणी आत येतं. बिल्ज पंपाच्या डब्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मंही हाती येत नाही.

रंग बघा. हिरवट थर फारसा चिंतेचा नाही. धातू खरवडल्यावर गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा स्पंज. ब्राँझच्या जागी कोणीतरी घरगुती नळाचं पितळ बसवलं की असं होतं. प्रत्येक सी-कॉकशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, आजच. बदलायचं काम बोट बाहेर काढल्यावरच.

कील

इथपर्यंत सगळं कोरडं निघालं आणि बिल्ज तरी खारा, तरच कील. प्रत्येक बोल्टभोवती टिश्यू गुंडाळा. कुठल्या एका बोल्टाच्या मुळाशी ओल येते का बघा. बोट बाहेर काढली की क्रेनच्या पट्ट्यांवर लटकत असतानाच कील आणि तळाचा सांधा पाहून घ्या. कील जमिनीवर टेकली की फट मिटते आणि बोट निरोगी दिसते.

फट दिसली की तुमचं काम संपलं. वरून सीलंट फासू नका, अंदाजाने नट आवळू नका. २०१४ च्या मे महिन्यात चीकी रफिकी नावाची बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने आधीच्या तळ घासण्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांकडे बोट दाखवलं होतं. बाहेरून दिसणारी फट आत काय सुटलंय हे सांगत नाही.

थांबायचं कधी

पाणी पंपापेक्षा वेगाने वाढत असेल तर शोध थांबवा, आधी मदत बोलवा आणि बोट बाहेर काढा. सी-कॉक गुलाबी किंवा हलणारा, कीलच्या सांध्यात फट किंवा बोल्टातून ओल, चेनप्लेटजवळ गंजाचा ओघळ किंवा मऊ डेक, सुकाणूच्या दांड्याभोवती तडा: यातलं काहीही सापडलं तर सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा तज्ज्ञ, बोलवा. डोलकाठी उभी असताना चेनप्लेट काढू नका, ते रिगिंगवाल्याचं काम. पाण्यात वीज उतरत असल्याचा संशय आला तर मागे सरा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि एक गळती बुजवल्यावर पाणी निम्मंच कमी झालं तर हताश होऊन ती परत उकरू नका. जुन्या बोटीत बहुधा दोन-तीन गळत्या एकदम असतात. बिल्ज परत कोरडा करा, नवे टिश्यू ठेवा आणि वही उघडा.

अजून बोट घेतली नसेल तर

बघायला जाण्याआधी दोन दिवस पंप बंद ठेवायला सांगा, पण बोटीवर कोणीतरी लक्ष ठेवून असेल तरच. ताजा रंग मारलेला बिल्ज दिसला तर आजूबाजूचे कप्पे उघडा. खणांच्या आतल्या बाजूला पाण्याची जुनी रेघ, फळीच्या खालच्या स्क्रूंचा गंज, गाद्यांच्या पोटातला कुबट वास, हे रंगवायचं सहसा राहून जातं. सर्व्हेअर तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तो जेव्हा बोट पट्ट्यांवर लटकवायला सांगेल तेव्हा तिथे हजर रहा आणि टॉर्च सोबत न्या.